बाटलीच्या आधी ताटली

"ताकदीचं काहीतरी द्या." कराडमधल्या आमच्या औषधाच्या दुकानात मी 31 वर्षं काउंटरमागे उभी राहिले, आणि ही मागणी आली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. बाळंतिणीसाठी, बारावीच्या पोरासाठी, जेवण सुटलेल्या सासऱ्यासाठी. मी लगेच बाटली काढून देत नसे. कुणासाठी हवंय, वय किती, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, रक्त तपासलंय का, एवढं विचारल्याशिवाय माझा हात फळीकडे जायचा नाही. गिऱ्हाईक कधी कधी वैतागायचं. पण अशक्तपणा हे रोगाचं नाव नाही, ती तक्रार आहे. तक्रारीच्या मागे काय दडलंय ते न बघता दिलेलं टॉनिक एक तर फुकट जातं, नाही तर नडतं. वडिलांनी मला दुकानात बसवलं त्या पहिल्या महिन्यातच हे शिकवलं होतं.

आमची तांबी अकरा वर्षांची झाली आणि मंदावली, तेव्हा यातला एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

तांबी गावठी. अकरा पावसाळ्यांपूर्वी दुकानाच्या पायरीखाली भिजत बसलेलं तांबूस पिल्लू घरी आणलं, ते घरचंच झालं. वजन 17 किलो. रोज पहाटे ह्यांच्याबरोबर प्रीतिसंगमापर्यंत जायची, घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्याकडे बघायची आणि परत यायची. गेल्या वर्षी ती निम्म्या वाटेवरूनच मागे फिरायला लागली. अंगावरचा केस रुक्ष झाला. जिना चढताना पहिल्या पायरीशी थांबायची, मागचे पाय जवळ ओढून घ्यायची आणि मग एकदम उसळी मारून चढायची. दुपारची झोप लांबली. वय झालं, आम्ही म्हटलं. आता हिला रोजचं एखादं मल्टिव्हिटॅमिन सुरू करू या.

प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात अख्खी भिंत त्यासाठीच होती. हाडाच्या आकाराच्या गोळ्या, चिकनच्या वासाच्या गोळ्या, सिरप, पावडरी. 'वयस्क कुत्र्यांसाठी' लिहिलेला एक डबा मी उचलला, शेजारची कॅल्शियमच्या सिरपची बाटलीही घेतली. दुकानदार म्हणाला, "काकू, सगळ्यांनाच चालतं, बिनधास्त द्या." घरी आल्यावर फळीवरच्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आठवल्या. केसांसाठी चांगल्या असतात असं ऐकलेलं, म्हणून रोज त्यातली एक पोळीत दाबून द्यायला लागले. असे चार महिने गेले. तांबीला त्या गोळीची चव आवडायची आणि डबा वाजला की ती धावत यायची. मला वाटायचं, गुण येतोय.

मग पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं व्हायला लागलं.

आमच्या डॉक्टर वयाने लहान आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेल्या. त्यांनी तांबीचं तोंड उघडून दात बघितले, पोट चाचपलं, गोचिडांसाठी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघितलं, रक्त घेतलं, लघवी आणायला सांगितली. मग म्हणाल्या, "काकू, एक काम करा. हिच्या पोटात दिवसभरात जे जातं ते आठवडाभर एका वहीत लिहा. काट्यावर मोजून. आणि घरात हिच्यासाठी ज्या बाटल्या-डबे आहेत ते सगळे घेऊन या, रिकामे असले तरी."

दुकान मुलाकडे दिलं तेव्हा जुना तराजू मी घरी आणला होता. तो ओट्यावर मांडला. पहिल्या दिवशीच लक्षात आलं, की आपण तिला काय घालतो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. सकाळी अर्धी पोळी आणि दूध. दुपारी भात आणि 100 ग्रॅम उकडलेलं चिकन. संध्याकाळी पुन्हा तेच. हे माझं. ह्यांच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं, ती मी कधी धरलीच नव्हती. शेजारच्या वहिनींकडून सणावाराला पुरणपोळीचा तुकडा. नातू आला की त्याच्या ताटातलं आमलेट. शनिवारी हे मला म्हणाले, "बिस्किटं दोन नाहीत, चार लिही." सात दिवसांची ती वही घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो.

क्रिएटिनिन 2.1 आलं होतं, फॉस्फरस 5.8. लघवी पाण्यासारखी पातळ. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा दुसरा टप्पा, डॉक्टर म्हणाल्या. या टप्प्यात फॉस्फरस 4.6 च्या आत ठेवायचा असतो. कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं जवळजवळ पाऊण काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन वर सरकत नाही, म्हणून हा आजार फार उशिरा कळतो. मी सिरपची बाटली पुढे केली. त्यांनी ती फिरवून मागच्या बाजूचं बारीक अक्षर माझ्यासमोर धरलं. कॅल्शियम, त्याच्याखाली फॉस्फरस, त्याच्याखाली डी-3. ज्या मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकणं जड जात होतं, त्यांच्याकडे मी रोज दोन वेळा चमच्याने मोजून फॉस्फरस पाठवत होते.

"टॉनिकने किडनी बिघडली असं नाही, काकू," त्या म्हणाल्या. "ती आधीच थकली होती. आपण थकल्या बैलावर आणखी एक पोतं टाकलं."

घरी येऊन मी तिन्ही लेबलं शेजारी ठेवून बेरीज केली. व्हिटॅमिन डी सिरपमधून दिवसाला 400 युनिट, दोन गोळ्यांतून 300, कॅप्सूलमधून 200. एकूण 900. तांबीच्या वजनाच्या आणि तिच्याएवढं खाणाऱ्या कुत्रीला दिवसाला लागतं साधारण शंभर-सव्वाशे युनिट, आणि रोजची सुरक्षित मर्यादा सहाशेच्या आसपास संपते. एकाही बाटलीवरचं लेबल खोटं नव्हतं. प्रत्येकीची मात्रा आपापल्या जागी बरोबर होती. बेरीज करणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

हे सगळं इतकं तपशिलात सांगते आहे ते एवढ्यासाठी, की म्हाताऱ्या कुत्र्याला कोणतं मल्टिव्हिटॅमिन द्यायचं हा प्रश्न आता मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याला एका डब्याचं नाव हवं असतं. मी आधी त्याच्या कुत्र्याच्या ताटलीबद्दल विचारते.

कारण मल्टिव्हिटॅमिन म्हाताऱ्याला तरुण करत नाही. आहारात जे कमी पडतं तेवढं भरून काढणं हे त्याचं काम. कमी काय पडतंय हे ताटलीवरून कळतं, आणि शरीराला काय झेपत नाही हे रक्त-लघवीवरून.

समजा, कुत्रा चांगल्या कंपनीचं पिशवीतलं किंवा डब्यातलं खाणं खातो, त्यावर 'संपूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेलं आहे, आणि पोट मुख्यतः त्यावरच भरतं. मग व्हिटॅमिनं आणि खनिजं त्यात कारखान्यातच मिसळलेली असतात. त्यावर रोज आणखी एक गोळी म्हणजे भरलेल्या हंड्यात तांब्याने पाणी ओतणं. पिशवीवर 'पूरक' किंवा 'खाऊ' असं लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे. हे शब्द बघायची सवय लावून घ्यावी, पुष्कळ प्रश्न तिथेच मिटतात.

आपल्याकडे मात्र बहुतेक कुत्री घरचं खातात, आणि खरा खड्डा तिथे असतो. आपल्याला वाटतं, घरचं म्हणजे सकस. माणसाला ते सकस असतं, कारण माणूस दिवसभरात वीस-पंचवीस जिन्नस खातो. कुत्र्याच्या ताटलीत वर्षानुवर्षं तेच दोन जिन्नस पडतात. दूध-पोळी, ताक-भाकरी, चिकन-भात. चिकन-भाताचंच बघा. 200 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस साधारण 400 मिलिग्रॅम, आणि कॅल्शियम 25 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. भातात कॅल्शियम नावापुरतं. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत असावं लागतं. इथे ते जेमतेम सोळावा हिस्सा आहे. उरलेलं शरीर कुठून आणणार? स्वतःच्या हाडांतून. डोळ्याला हे दिसत नाही, कुत्रा शेपटी हलवत जेवत असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. काही पुस्तकांतल्या, काही संकेतस्थळांवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक गरजेपेक्षा कमी निघाला. जस्त, कोलिन, तांबं ही नावं त्यात पुन्हा पुन्हा येत होती. आपल्या चिकन-भाताला कुणी तपासलं तर निकाल वेगळा येईल असं मला वाटत नाही. तेव्हा घरचं खाणाऱ्या कुत्र्याला बाहेरून काहीतरी लागतंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त ते 'काहीतरी' खड्ड्याच्या मापाचं हवं. बाजारातल्या पुष्कळशा मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत कॅल्शियम चिमूटभर असतं. त्याने 17 किलोच्या कुत्र्याची जवळजवळ ग्रॅमभराची रोजची गरज भागत नाही. म्हणून घरचं खाणाऱ्यांनी 'घरगुती आहाराला जोडण्यासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं खनिज-व्हिटॅमिनांचं मिश्रण डॉक्टरांना विचारून घ्यावं, आणि त्यात कॅल्शियमचा आकडा बघावा. तो आकडाच छापलेला नसेल तर डबा परत फळीवर ठेवावा.

अंड्याचं कवच बारीक दळून घातलं तरी कॅल्शियम मिळतं. एका कवचात साधारण 2 ग्रॅम निघतं आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला डॉक्टर कधी कधी हाच मार्ग सांगतात. पण तेही मोजून. रक्तातलं कॅल्शियम आधीच वर असेल तर तेही नको.

आता व्हिटॅमिन डीबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. आपण उन्हात बसलो की आपली त्वचा डी तयार करते. कुत्र्याच्या त्वचेला ते पुरेसं जमत नाही. तांबी दिवसभर गच्चीत उन्हात पडून राहिली तरी तिचा डी ताटलीतूनच यावा लागतो. खाण्यातलं हे डी माणसाला मुळात कळलं तेही कुत्र्यांमुळेच. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी 1919 च्या सुमारास कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून ओटच्या लापशीवर वाढवली. त्यांची हाडं वाकली, मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर तो टळला. लाखो मुलांच्या पायांची वाकडी हाडं सरळ राहिली ती त्या पिल्लांच्या जिवावर.

आणि हे एकच उदाहरण नाही. मक्यावर जगणाऱ्या गरिबांना होणारा पेलाग्रा कुत्र्यांत 'काळी जीभ' होऊन दिसतो. विस्कॉन्सिनमध्ये कॉनरॅड एल्वेहेम यांनी 1937 मध्ये निकोटिनिक ॲसिड देऊन ती काळी जीभ बरी केली, आणि पेलाग्राचं औषध सापडलं. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच दिवस काढणाऱ्यांतही तो रोग होता, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. रक्तक्षयावर यकृत खाऊ घालण्याचा उपायही जॉर्ज व्हिपल यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आला, 1934 चं नोबेल त्यासाठी मिळालं, आणि त्याच वाटेने पुढे बी-12 सापडलं. दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या बाटल्यांतल्या निम्म्या नावांच्या मागे कुठली तरी कुत्री उभी आहेत. हे वाचल्यापासून मला त्या बाटल्या पूर्वीसारख्या दिसत नाहीत. निदान आपल्या दारातल्या कुत्रीला त्यांतली योग्य ती आणि योग्य तेवढी द्यावी, एवढं ऋण तर आहेच.

तर मुद्दा कॉड लिव्हर ऑइलचा. आपल्याकडे त्यालाही 'माशाचं तेल' म्हणतात आणि माशाच्या अंगातून काढलेल्या ओमेगा-3 तेलालाही 'माशाचं तेल'. कॅप्सूल दिसायला सारख्या, पिवळ्या, चकचकीत. पण यकृताच्या तेलात ए आणि डी भरपूर असतं, अंगाच्या तेलात नसल्यासारखं. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. बी गटातली पाण्यात विरघळतात, जास्तीची लघवीवाटे जातात. म्हणून बी-कॉम्प्लेक्स थोडं इकडे-तिकडे झालं तर सहसा बिघडत नाही, डी आणि ए जास्त झालं तर बिघडतं. डी वाढलं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं भरडली जातात. 2019 च्या सुरुवातीला अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला कुत्र्यांच्या खाण्याचे डबे बाजारातून परत मागवावे लागले, कारण व्हिटॅमिनांच्या मिश्रणात डी कित्येक पट जास्त पडलं होतं. कारखान्यात यंत्रावर मोजूनसुद्धा असं होतं, तिथे आपण तीन बाटल्यांतून अंदाजाने देताना किती जपायला हवं!

सांध्यांसाठी आणि केसांसाठी तेल द्यायचं असेल तर ते अंगाचं, म्हणजे ओमेगा-3 चं द्यावं. कॅप्सूलवर ईपीए आणि डीएचए किती मिलिग्रॅम हे लिहिलेलं असतं. तो आकडा डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवावी. दुखऱ्या सांध्यांना त्याचा उपयोग होतो याला बरा पुरावा आहे. ग्लुकोसामाइनबद्दल मला तेवढं ठामपणे सांगता येत नाही, अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. 'वयस्क' लिहिलेल्या डब्याची किंमत पुष्कळदा त्याच्यामुळेच चढलेली असते.

आणि सांध्यांचं सगळ्यात मोठं औषध बाटलीत मिळत नाही. 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांना जोड्या लावून जन्मभर अभ्यासलं गेलं. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. 2002 मध्ये निकाल छापून आला. कमी खाणारी कुत्री सरासरीने 13 वर्षं जगली, पोटभर खाणारी 11.2 वर्षं, आणि सडपातळ कुत्र्यांचे सांधेही उशिरा कुरकुरले. जवळजवळ दोन वर्षांचं आयुष्य. ह्यांची चार बिस्किटं मी या आकड्यावर बंद केली.

माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देण्याबद्दल दुकानात मला पूर्वीही विचारायचे. "आमचीच मल्टिव्हिटॅमिनची अर्धी गोळी दिली तर?" देऊ नका, हे माझं उत्तर तेव्हाही होतं, आता ते जास्त ठाम झालंय. आपल्या घरोघरी डी-3 ची 60,000 युनिटची पुडी असते, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची. 10 किलोच्या कुत्र्याने ती एक पुडी चाटली तर किलोमागे 6,000 युनिट झालं. किलोमागे 4,000 च्या पुढे गेलं की डॉक्टर ती विषबाधा समजून हालचाल करतात. लोहाच्या एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. कुत्रा एक गोळी काढून खात नाही, अख्खी पट्टी चावतो. दहा गोळ्या म्हणजे त्याच 10 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 60 मिलिग्रॅम, आणि ते जिवावर बेतू शकतं. चघळायच्या शुगर-फ्री गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते आणि पुढे यकृतही जाऊ शकतं. यातलं काहीही पोटात गेल्याचं कळलं तर उलटी होते का बघत बसू नये, पुडी किंवा पट्टी हातात घेऊन सरळ दवाखाना गाठावा.

कुत्र्यांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत लसूण असतो, गोचिडं लांब राहावीत म्हणून. कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. मी ते नाव दिसलं की डबा घेत नाही. व्हिटॅमिन सीचं नाव मोठ्या अक्षरात असेल तर त्यासाठीही वेगळे पैसे मोजत नाही, कारण निरोगी कुत्र्याचं यकृत ते स्वतःच तयार करतं.

लेबलावर मी काय बघते हे कुणी विचारलं तर सांगते: किती किलोच्या कुत्र्याला किती गोळ्या हे लिहिलंय का, आणि एका गोळीत प्रत्येक घटक किती, हा आकडा आहे का. 'व्हिटॅमिनं आणि खनिजांनी भरपूर' हा काही आकडा नव्हे. बॅच नंबर, मुदत, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. आपल्याकडे अशा डब्यांवर 'पशुखाद्य पूरक, औषधी वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते मनावर घ्यावं. ते विकणाऱ्याने स्वतःच सांगितलंय, की हे औषध नव्हे. औषधाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. आणि डबा उघडला की झाकणावर तारीख टाकावी. सिरप स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नये. उष्णतेने आणि उजेडाने बी गटातली काही व्हिटॅमिनं मरतात.

कुत्र्याचं वजन अंदाजाने धरू नये, हेही त्यातच आलं. काटा नसेल तर आधी आपण एकट्याने वजनाच्या यंत्रावर उभं राहावं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करावी. तांबीला मी 20 किलोची समजत होते.

तपासणीशिवाय टॉनिक नको, हे मी आता कुत्र्यांबद्दलही तेवढ्याच आग्रहाने सांगते. आपल्या भागात म्हातारं कुत्रं अशक्त झालं की त्यामागे गोचीडताप असू शकतो. तो महिनोन् महिने आत दबून राहतो, हळूहळू रक्त कमी करतो, कधी नाकातून रक्त येतं. अशा कुत्र्याला लोहाचं टॉनिक पाजत राहिलं तर ताप आत तसाच राहतो आणि दिवस जातात. जुनाट जुलाब असलेल्या कुत्र्याला, विशेषतः जर्मन शेफर्डला, बी-12 खरोखर कमी पडलेलं असू शकतं. पण ते रक्तात मोजता येतं, आणि आतडी नीट शोषत नसतील तर डॉक्टर त्याचं इंजेक्शन देतात. चवीच्या गोळीतल्या चिमटीवर अशा कुत्र्याला ठेवणं मला बरोबर वाटत नाही. दात किडले असतील तर जेवण सुटतं, आणि जेवण सुटलेल्या कुत्र्याला आपण भूक वाढवायचं सिरप आणून देतो. सात-आठ वर्षांच्या पुढे वर्षातून एकदा, दहाच्या पुढे सहा महिन्यांनी रक्त, लघवी, वजन आणि दात. चार डब्यांच्या पैशांत ही तपासणी होते, मी हिशोब करून बघितलाय.

तांबीचे तिन्ही डबे बंद झाले. आता तिला फक्त बी-कॉम्प्लेक्स मिळतं. तिची लघवी जास्त होते आणि त्याबरोबर बी गटातली व्हिटॅमिनं वाहून जातात, ती भरून काढायला. डॉक्टरांनी निवडलेल्या त्या गोळीत डी नाही, फॉस्फरस नाही. आणि ओमेगा-3 तेल, अंगाचं, मोजून. चिकन कमी केलं, अंड्याचा पांढरा भाग वाढवला, भाताबरोबर दुधी आणि लाल भोपळा. कॅल्शियमसाठी कवचाची पूड, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, जुन्या तराजूवर. पहिले दोन-तीन आठवडे ती ताटलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायची, डबा वाजायची वाट बघत. मला फार वाईट वाटायचं. मग बी-कॉम्प्लेक्सची गोळी मी त्याच रिकाम्या डब्यात ठेवायला लागले. आता तो वाजवला की ती येते.

तीन महिन्यांनी फॉस्फरस 4.4 आला. क्रिएटिनिन जिथे होतं तिथेच आहे. ते खाली येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, वर गेलं नाही यातच समाधान. पाण्याचं भांडं अजून लवकर रिकामं होतं. प्रीतिसंगमापर्यंत ती आठवड्यातून दोनदा जाते, बाकी दिवस बसस्टँडच्या कोपऱ्यापर्यंत.

ती वही स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने बांधलेली आहे. डावीकडे ताटलीत काय पडलं ते, उजवीकडे पाणी आणि वजन. पुढची तपासणी 14 तारखेला आहे, ती तारीख मी पानाच्या माथ्यावर लाल पेनाने लिहिली आहे. त्याच्याखाली काल ह्यांच्या अक्षरात एक नोंद होती: "दुपारी पाव बिस्किट, माझ्या हातून. 2 ग्रॅम."